रंगपाणी: पावसात कागद वाळत नाही, मे महिन्यात थांबत नाही

जलरंगाबद्दल यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त आभाळावरचीच आहेत, त्यामुळे झाडं, घरं, बैलगाड्या पुढच्या खेपेला. पत्रं थोडी कापलीयेत, रागावू नका.

ताई, दोन वर्षं जलरंग करतोय. मे महिन्यात आभाळाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) देताना अर्ध्यातच कडा पडतात आणि पावसाळ्यात तोच वॉश तासभर वाळत नाही, ओघळ येतात. कागद बदलू का?
*(एक वाचक, वाई)*

कागद पातळ असेल तर बदलाच, ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) खालच्या कागदावर आभाळ करणं म्हणजे स्वतःला शिक्षा, आणि जमलं तर कॉटनचा घ्या. पण तुमच्याच पत्रात उत्तर आहे बघा, कागद तोच आहे आणि वागतोय मात्र दोन तऱ्हेनं, म्हणजे बदलतीये ती हवा. आपण ऋतूचं चित्र काढायला बसतो पण तो ऋतू चित्रात यायच्या आधी कागदावरच्या पाण्यात येऊन बसलेला असतो, आणि हे कुठल्याही पाश्चात्त्य व्हिडिओत सांगत नाहीत कारण त्यांच्याकडे मेणवलीच्या घाटावरचं मे महिन्यातलं ऊन नसतं. त्यांनी सांगितलेली 'पाच मिनिटं थांबा' वगैरे गणितं आपल्याकडे उपयोगाची नाहीत.

घड्याळ बघू नका, चमक बघा. कागद डोळ्याच्या पातळीला तिरका धरायचा. पाणी आरशासारखं चमकतंय तोवर रंग कुठेही पळणार, चमक नुकतीच मावळली की ढगाच्या मऊ कडा मिळतात, आणि त्यानंतर कागद नुसता गार लागतो तेव्हा हात मागे बांधून बसायचं. सगळी गडबड या तिसऱ्या वेळी होते, आपण 'जरा इथे सुधारू' म्हणून ओला ब्रश टेकवतो आणि कोबीच्या फुलासारखा डाग उमटतो.

मे महिन्यात ही मधली वेळ अगदी थोडी मिळते. म्हणून सकाळी साडेसहाला बसा, नऊला उठा. कागद आधी मागून भिजवा मग पुढून, आणि प्लास्टिकच्या किंवा ॲक्रिलिकच्या पाटावर चिकटवून टाका, लाकडी पाट पाणी पितो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागद भिजवायच्या आधी रंग कालवून तयार हवा आणि तोही भरपूर, वाटीभर, कारण अर्ध्या आभाळात रंग संपला की तुम्ही म्हणताय ती कड आलीच म्हणून समजा. पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकले तर थोडा वेळ जास्त मिळतो, पण दोनच, नाहीतर चित्र दुसऱ्या दिवशीही हाताला चिकटतं.

पावसाळ्यात उलटं. पाणी हवेत आहेच, ब्रशात कमी घ्या आणि रंग दाट ठेवा. खालच्या कडेला साठलेला थेंब पिळलेल्या ब्रशनं उचलून घ्या, ओघळ तिथूनच मागे फिरतो. दोन पाट ठेवा, एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम. हेअर ड्रायर चालेल पण चमक गेल्यावर आणि हातभर लांबून, नाहीतर तो रंग ढकलत नेतो आणि आपण त्याला वादळ म्हणतो.

माझे पावसाळी ढग एकतर कापसाचे बोळे दिसतात नाहीतर चिखल. पेन्स ग्रे (ट्यूबमधला तयार निळसर करडा) वापरते. आणि हिरवा रंग तर प्लास्टिकसारखा येतो.
*(एक शिक्षिका, सिन्नर)*

पेन्स ग्रे आठ दिवस कपाटात ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घ्या, दोन्ही कागदावरच एकमेकांत मिसळू द्या, पॅलेटवर घोटत बसू नका. निळा जास्त झाला की पाणी भरलेला गार ढग, तपकिरी जास्त झाला की वळिवाचा धुळकट ढग, आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात त्यामुळे जो रवाळपणा येतो तो फुकटचा पाऊस. चिखल होतो तो तीन-चार रंग एकत्र केल्यानं आणि अर्धवट वाळल्यावर परत चोळल्यानं.

बोळे का होतात तर आपण ढगाची गोल बाह्यरेषा काढतो. ढगाचा तळ बघा. वर गेलेली वाफ एका ठराविक उंचीवर गार होऊन ढग धरते, म्हणून त्या दिवशीच्या बऱ्याचशा ढगांचे तळ साधारण एकाच पातळीवर सपाट दिसतात. मोठे ढग डोक्यावर, क्षितिजाकडे लहान, चपटे आणि एकमेकांजवळ. आभाळालाही रस्त्यासारखाच पर्स्पेक्टिव्ह असतो, एवढं एक कळलं की निम्मं काम झालं. निळ्याचंही तेच, माथ्यावर गडद आणि खाली फिका, कारण क्षितिजाकडे बघताना नजर जास्त हवेतून जाते. मे महिन्यात ती हवा धुळीची असते म्हणून आभाळ पांढुरकं, आणि पावसानं धुऊन काढल्यावर जी उघडीप मिळते तेव्हा जो निळा दिसतो तो वर्षात परत क्वचितच.

तुमच्या सिन्नरला तर मजाच आहे, म्हणजे शेतकऱ्याला नाही, चित्रकाराला. ढग दाटून येतात आणि न पडता पुढे जातात. जमीन काळी-तपकिरी, नांगरट झालेली, वर जांभळट आभाळ आणि लांब क्षितिजावर एक उजळ पट्टी. ती पट्टी पहिल्यांदा कोरी सोडा. तिच्याशिवाय ते नुसतं काळं चित्र.

हिरव्याचं सांगते. ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच लावला की प्लास्टिक होणारच. गॅम्बोज किंवा यलो ओकर या पिवळ्यांपैकी एकात निळा घाला आणि चिमूटभर बर्न्ट सिएना. एकदा इगतपुरीकडे लावणीच्या दिवसांत जाऊन या, भाताच्या रोपांचा वाफा असा पिवळा-हिरवा पेटलेला असतो की विश्वास बसत नाही, पण तो एक वाफा सोडला तर भोवतालचं सगळं राखाडी हिरवं असतं. आपण सगळंच पेटवतो. एकच तुकडा लेमन यलोचा ठेवा, बाकीचं दाबा. भादव्यात बांधावर सोनकी फुलली की हेच सूत्र परत वापरा.

पांढरा रंग वापरला तर चालतो का? क्लासमधले सर म्हणतात पाप आहे.
*(कॉलेजचा विद्यार्थी, अमरावती)*

पाप वगैरे काही नाही रे. उजेड असेल तिथे कागद सोडायची सवय आधी लाव, कारण पांढरा लावून आणलेला उजेड खडूसारखा दिसतो. सावळाराम हळदणकरांचं निरांजन घेतलेल्या बाईचं चित्र बघ, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधे आहे, फोटोतही कळतं. ते जलरंगातलं आहे आणि ती ज्योत उजळ वाटते ती भोवतीच्या अंधारामुळे. तर आभाळात पांढरा नको. पण गडद ढगापुढून चाललेले चार बगळे असतील तर लाव बिनधास्त.

मुलगा आठवीत आहे, यंदा चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसतोय, निसर्गचित्राची आवड आहे. दुकानदार २४ रंगांची महागडी पेटी दाखवतोय.
*(एक आई, डोंबिवली)*

परीक्षेला शाळेतले शिक्षक सांगतील ते घ्या. आवडीसाठी सहा ट्यूब पुरतात: अल्ट्रामरीन, सेरुलियन, यलो ओकर, लेमन यलो, बर्न्ट सिएना, क्रिमसन. विद्यार्थ्यांच्या प्रतीचे चालतील. वाचलेले पैसे कागदात घाला. २२ बाय ३० इंचाचा फुल शीट आणून चार तुकडे करा, ११ बाय १५ चे होतात, त्या वयात तेवढा आकार बास. १२ नंबरचा एक गोल ब्रश, एक इंची चपटा, संपलं. अलिझारिन क्रिमसन उन्हानं उडतो, तेव्हा भिंतीवर लावाल ते खिडकीसमोर लावू नका.

थंडीत धुक्यातली शेतं रंगवतो. सगळं फिकट येतं, घरचे म्हणतात अर्धवट सोडलंय.
*(एक वाचक, करवीर तालुका)*

घरच्यांचं थोडं खरं असणार. धुकं फिकट असतं पण चित्राला एक काळा लागतो. जवळचा बांध, एखादं शेवग्याचं खोड, सायकल टेकवलेला माणूस, काहीतरी एक अगदी गडद आणि कडक कडेचं हवं, त्याच्या मागचा ऊस मध्यम, त्यामागची झाडं आभाळाहून जेमतेम एक घर गडद. तीनच पायऱ्या. चौथी आली की धुकं गेलं. आणि धुकं पांढरं नसतं हो, सकाळी सूर्य वर आला की ते किंचित पिवळट असतं, मागून ऊन येत असतं. कागदभर यलो ओकरचा अगदी पाण्यासारखा वॉश आधी देऊन वाळवा.

तुमच्या भागात तर उसाला तुरे आलेले आणि गुऱ्हाळं पेटलेली, मला हेवा वाटतो. गुऱ्हाळाच्या धुराकडे नीट बघितलंय का कधी? चुलवाणाच्या वर, मागे गर्द झाडी असते तोवर तो निळसर दिसतो आणि झाडांच्या वर आभाळात शिरला की तोच धूर तपकिरी-पिवळट होतो. धुराचे बारीक कण निळा उजेड इकडेतिकडे फेकतात, काळोख्या झाडीपुढे तोच आपल्याला दिसतो, आणि उजळ आभाळापुढे निळा गाळून उरलेला. मी कित्येक वर्षं सगळा धूर एकाच राखाडीनं काढत होते आणि तो कधी वर चढायचाच नाही, झाडाला बांधलेल्या फडक्यासारखा लटकायचा.

चित्रकार आबालाल रहिमान तुमच्याच कोल्हापूरचे, शाहू महाराजांच्या पदरी होते, १९३१ साली गेले. कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या काठी किती बसले असतील. त्यांची चित्रं गावातच बघायला मिळतात, एक रविवार काढा, आणि नुसतं 'वा' म्हणून परत येऊ नका, सगळ्यात गडद ठिपका कुठे ठेवलाय तेवढं शोधा.

आजोळ राजापूरजवळ. इथे अमेरिकेत बसून फोनमधल्या फोटोंवरून तिथली चित्रं काढते. सगळी पोस्टकार्डं होतात.
*(एक वाचक, न्यू जर्सी)*

तुमच्या पत्रावरून वाटतं की तुमचे सगळे फोटो डिसेंबरमधले आहेत, कारण रजा तेव्हाच मिळते. म्हणजे तुम्ही आठवणीतला पाऊस डिसेंबरच्या उजेडात रंगवताय. शिवाय फोन सावल्या उजळतो, आभाळ निळं करतो आणि सगळ्या कडा सारख्याच धारदार ठेवतो, डोळा असं कधीच बघत नाही. फोटो आधी काळापांढरा करून छोटं पेन्सिल स्केच काढा, मग फोटो बंद करा आणि स्केचवरून रंगवा.

दुसरं म्हणजे सावल्या. राजापूरला मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, आंब्याची सावली आंब्याच्याच पायाशी गोळा होते. न्यू जर्सीत तो डोक्यावर येतच नाही, भर जूनमधेही कललेला, त्यामुळे तिथे रोज बघून बघून तुमच्या हाताला लांब सावलीची सवय लागलीये आणि ती कोकणातल्या दुपारीही उतरतीये. संध्याकाळचंही तसंच, तुमच्याकडे उन्हाळ्यात संधिप्रकाश रेंगाळतो, कोकणात दिवा लावेपर्यंत अंधार. तो केशरी-जांभळा लांबलचक रंगवू नका, एकच झटका द्या. आणि जांभा कोरडा असताना विटकरी-गुलाबी दिसतो, भिजला की जवळजवळ काळपट लाल, कोकमाच्या आगळासारखा. मामेभावाला सांगा जुलैत पायरीचा एक व्हिडिओ पाठव म्हणून, अंगणाचा नको, पायरीचाच, ओली आणि कोरडी शेजारी शेजारी दिसेल अशी.

चित्रांना बुरशी लागते, काय करू?
*(एक वाचक, सावंतवाडी)*

पूर्ण वाळल्याशिवाय ठेवू नका, पॅलेटमधले रंगसुद्धा. चित्रं भिंतीला टेकून नकोत आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तर अजिबात नकोत, आतला दमटपणा आतच राहतो. सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि पावसाळ्यातही कोरडा दिवस मिळाला की बाहेर काढून पंख्याखाली पसरा.

मला हे कसं कळलं तर एका वर्षी मी अकरा चित्रं लोखंडी ट्रंकेत घालून, वर नॅप्थलिनच्या गोळ्या टाकून निश्चिंत झाले, मृगाला बंद केलेली ट्रंक दसऱ्याला उघडली. झुरळ एक नव्हतं, पण अकराही चित्रांवर तपकिरी ठिपके. दहा टाकून दिली. एकात ठिपके नेमके आभाळात आलेत, ते हॉलमधे लावलंय, येणारे जाणारे म्हणतात पाखरं छान टिपलीत हो, मी चहा ठेवायला आत जाते.