मराठीत चांगले फॉन्ट इतके कमी का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीत हजारो फॉन्ट असताना मराठीत तेच ते चार का, आणि त्यातलेही निम्मे हिंदी का वाटतात. चिपळूणला माझं फ्लेक्स आणि पत्रिकांचं दुकान आहे, गिऱ्हाईक पण हेच विचारतं.

मुळात हा खिळ्यांचा, म्हणजे जुन्या छापखान्यातल्या एकेका अक्षराच्या धातूच्या ठशांचा हिशोब आहे. इंग्रजीचं छोटी-मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं धरून 100-125 खिळ्यांत भागायचं. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार आणि त्यात जोडाक्षरं, म्हणजे काही शे खिळे. आमचे काका रत्नागिरीत जुळारी, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारे होते, ते म्हणायचे अर्धा पगार अक्षरं जुळवायचा आणि अर्धा ती परत आपापल्या खणात टाकायचा. गोव्यात छापखाना 1556 सालीच आला, पण फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापलं ते मराठी असूनही रोमन अक्षरांत, कारण देवनागरी खिळेच नव्हते!

आपण ज्याला मराठी वळण म्हणतो ते बरंचसं एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचं. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये खिळे घडवणारे थॉमस ग्रॅहम, मग जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना आणि तिथले खिळे घडवणारे राणोजी रावजी आरू. काय गोलाई आहे त्या अक्षरांना, जुनी पोथी मिळाली तर बघाच. कलकत्त्याकडचं वळण वेगळं होतं, तिकडचा अ, झ, ण बघितलात तर ओळखू येणार नाही. आता मुख्य फरक उरलाय तो ल आणि श चा, तुम्हाला हिंदी वाटतं ते त्या दोघांमुळे. खिळे कमी करायचा ध्यास आपल्या टिळकांनीही केसरीसाठी घेतला होता, आणि सावरकरांनी रत्नागिरीत असताना इ, उ ऐवजी अि, अु लिहायला लावलं त्यामागेही छपाईच होती.

कॉम्प्युटर आल्यावर सुटलो असं वाटलं, तर प्रत्येक कंपनीचं कोडिंग निराळं, एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात टाकला की नुसता कचरा. मग युनिकोड, म्हणजे सगळ्यांसाठी एकच कोडिंग आलं, विंडोज 2000 मध्ये र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट आला, आणि आता 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बालू तर फुकट मिळतात. म्हणजे दिवस बरे आहेत, पण एक फॉन्ट करायचा तर आजही शेकडो आकार काढावे लागतात, ते कोण करणार?

मी स्वतः एकदा चांगलाच आपटलोय. ट्रेकवाल्या पोरांचा फ्लेक्स होता, 'सह्याद्रीच्या दऱ्या', आणि जुन्या फाइलवरून युनिकोड करताना झालं 'सह्याद्रीच्या दर्या'. समुद्र पार घाटावर चढवला! पैसे गेले, तो फ्लेक्स पावसाळ्यात लाकडांवर बांधला. तेव्हापासून नवीन फॉन्ट आला की आधी दर्या आणि दऱ्या शेजारी शेजारी टाइप करून बघतो, दोन्ही सारखे दिसले की डिलीट.