नागरी सेवा दिनाला मिळणाऱ्या पंतप्रधान पुरस्काराची रक्कम कलेक्टरला मिळते का?

नाही. पुरस्कारात मानचिन्ह आणि मानपत्र असतं. २० लाखांची प्रोत्साहन रक्कम जिल्ह्याला किंवा संस्थेला मिळते आणि ती लोकोपयोगी कामावरच खर्च करायची असते. ही योजना २००६ची, पण दिवस निवडला तो जुन्या घटनेवरून: २१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये सरदार पटेलांनी प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांसमोर भाषण केलं होतं.

माझं मत विचाराल, तर कौतुक आणखी खालपर्यंत पोचायला हवं. जिल्हा नावारूपाला येतो तो भर उन्हात बांधावर उभं राहून पंचनामा लिहिणाऱ्या तलाठ्यामुळे, खांद्याला लसींचा डबा अडकवून वाडीवस्तीवर चालत जाणाऱ्या आरोग्यसेविकेमुळे. निदान जिल्ह्यातल्या सत्कारात तरी त्यांची नावं माइकवरून पुकारली जावीत.