'आय हॅड' म्हटलं की दुखणं संपलं

परदेशी गेलेल्या बऱ्याच जणी विचारतात, 'इंग्रजी तसं येतं, पण डॉक्टरसमोर त्रास नीट मांडता येत नाही. ते मनावरच घेत नाहीत. काय करू?'

इंग्लंडात लेस्टरला गेलेली एक मुलगी (तपशील बदललेत) माझ्याशी ऑनलाइन बोलायची. जानेवारीपासून धड झोप नाही, छातीत धडधड, दुकानात शिरलं की घाबरं व्हायचं. तिथल्या डॉक्टरांना तिने सांगितलं, "आय हॅड पॅनिक अटॅक्स. आय डिडन्ट स्लीप." त्यांना वाटलं, मध्यंतरी त्रास झाला, आता बरी दिसतेय. दहा मिनिटांची भेट 'पुन्हा झालं तर या' यावर आटोपली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, माझं इंग्रजीच भिकार.

तसं काही नव्हतं. इंग्रजीत साधा भूतकाळ वापरला की गोष्ट मागे पडते. सुरू झालेलं अजून चालूच आहे, हे सांगायला 'हॅव' लागतं: "आय हॅव हॅड धिस सिन्स जानुअरी." "आय हॅवन्ट बीन स्लीपिंग फॉर थ्री मंथ्स." 'हॅव हॅड' ऐकून ती हसलीच. सुरुवात सांगायची तर सिन्स, मुदत सांगायची तर फॉर. मराठीत दोन्हीकडे 'पासून' चालतं. त्यातून शाळेत नाव शिकवलेलं 'पूर्ण वर्तमानकाळ'! न संपलेल्या दुखण्याला तो लावायचा धीर कसा होणार?

"आय ॲम हॅविंग हेडेक सिन्स टू मंथ्स" व्याकरणात बसत नाही, पण समोरच्याला कळतं. त्याची लाज बाळगू नका. घोळ नुसत्या 'हॅड'ने होतो.

आम्ही तिच्या फोनमध्ये तीन वाक्यं लिहिली. तिसरं मी आग्रहाने घालायला लावलं: "आय हॅव स्टॉप्ड गोइंग टू द शॉप्स अलोन." नुसत्या 'टेन्शन'पेक्षा त्रासाने काय काय बंद पडलं, हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं. फोनमध्ये बघून वाचलं तरी चालतं.

दुभाषा हवा असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच मागा. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत त्याचे पैसे पडत नाहीत. नवऱ्याला दुभाषा करू नका. तो प्रेमापोटीच 'हल्ली जरा ॲडजस्ट होतेय' म्हणून मोकळा होतो. इंग्लंडात बोलून केल्या जाणाऱ्या मानसोपचारांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही स्वतः नाव नोंदवता येतं.

पुढची भेट चांगली लांबली. बाहेरच्या पेशंटांना ताटकळावं लागलं, म्हणून तिला अपराधी वाटत होतं. मग आम्ही त्यावर बोललो.