मुलाच्या पदवीदानाला इथाकाला जातोय, सोबत शाकाहारी आई आहेत. बाहेर खाण्याचं कसं जमवायचं?

तुम्ही लिहिलंय की मेअखेरीला कॉर्नेल विद्यापीठात मुलाच्या पदवीदानासाठी चार दिवस जाताय आणि आई अंडंसुद्धा खात नाहीत. मी तिथे दोन वर्षं काढली आहेत, म्हणून आधी एकच सांगतो: त्या शनिवार-रविवारच्या संध्याकाळचं टेबल अजून बुक केलं नसेल, तर हे वाचणं थांबवा आणि ते करून या.

इथाका हे न्यूयॉर्क राज्यातलं जेमतेम ३२ हजार वस्तीचं गाव. कॉर्नेलचे विद्यार्थीच २५ हजारांच्या आसपास, शिवाय समोरच्या टेकडीवर इथाका कॉलेज. पदवीदानाला एकेका पोरामागे आई-बाप, आजी, मामा, सगळे हजर. माझ्या वेळी मी ‘गेल्यावर बघू’ म्हणून आई-बाबांना नॉर्थ ऑरोरा स्ट्रीटवर घेऊन गेलो. गावात ‘कॉमन्स’ नावाचा पायी फिरायचा बाजाररस्ता आहे, त्याला लागूनच ही हॉटेलांची रांग. पहिल्या दारात दोन तास थांबा म्हणाले, दुसऱ्यात अडीच, तिसऱ्यातल्या मुलीने आम्हाला बघून नुसती मान हलवली. चूक सर्वस्वी माझी. शेवटी बेगल (मधे भोक असलेले गोल पाव) बांधून घेतले, खोलीवर आलो आणि बाबांनी बॅगेतून शेंगदाण्याची चटणी काढली. क्रीम चीजवर शेंगदाण्याची चटणी हा प्रकार आमच्याकडे आजही होतो.

म्हणून आधी बुकिंग झालं नसेल तर समारंभाच्या दिवशी टेबलाच्या मागे लागूच नका. मोठं जेवण आदल्या दिवशी किंवा गर्दी पांगल्यावर करा. त्या दिवशी असं खा, जे उभ्या-उभ्या किंवा गवतावर बसून खाता येईल.

मुलाला मात्र ‘तू नेहमी कुठे खातोस’ असं विचारून त्याच्या भरवशावर राहू नका. विद्यार्थ्यांची आवड दोन गोष्टींवर ठरते: मध्यरात्रीनंतर काय उघडं असतं आणि स्वस्त काय पडतं. बॉब पेट्रिलोझ यांनी १९६० मध्ये ‘हॉट ट्रक’ ही खाण्याची गाडी सुरू केली ती याच भुकेवर, फ्रेंच ब्रेडवर पिझ्झ्याचा मसाला आणि चीज. त्या पदार्थाचं नावच ‘पुअर मॅन्स पिझ्झा’. विशीत रात्री दोनला ते अमृत लागतं. तुमच्या आईंना नाही लागणार.

आईंसाठी खालच्या गावात डेविट मॉलमध्ये ‘मूसवुड’ आहे. जुन्या शाळेच्या इमारतीतलं हे शाकाहारी रेस्टॉरंट १९७३ पासून चालू आहे आणि अमेरिकेत शाकाहारी स्वयंपाक रुजवणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं. भारतीय चव तिथे शोधू नका. सूप, भाज्या, धान्यं, नीट शिजवलेलं साधं जेवण. मला आवडायचं, माझ्या आईचं मत, ‘मीठ कमी, पण मनापासून केलंय.’

इथेही एक काळजी घ्या, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. तिकडे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की अंडं चालतं असंच धरतात. ‘व्हिगन’ म्हटलं तर दूध-दही-चीजही जातं, पण अडचणीच्या वेळी तोच शब्द बरा. एरवी स्पष्ट सांगायचं: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध चालेल. भाजीच्या सुपात चिकनचं पाणी असू शकतं, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाची मासळी, मेक्सिकन राजम्यात डुकराची चरबी, मार्शमॅलोत जिलेटिन. आइस्क्रीममध्येही कधीकधी अंड्याचा बलक असतो. विचारलं म्हणून कुणी वैतागत नाही, ॲलर्जीवाल्यांमुळे त्यांना सवय असते.

आइस्क्रीमवरून आठवलं. कॅम्पसवर स्टॉकिंग हॉलमध्ये ‘डेअरी बार’ आहे, तिथलं आइस्क्रीम विद्यापीठाच्या स्वतःच्या डेअरीत बनतं. वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. आणि संडे (वर गोड पाक घातलेलं आइस्क्रीम) हा प्रकार आपल्याच गावात जन्मला असा इथाकाचा दावा आहे: ५ एप्रिल १८९२ च्या स्थानिक वर्तमानपत्रात ‘चेरी संडे’ची जाहिरात आहे. विस्कॉन्सिनमधलं टू रिव्हर्स हे गाव १८८१ सांगून भांडतं, पण छापील पुरावा इथाकाकडे आहे. (मी पक्षपाती आहे.)

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र शेतकऱ्यांचा बाजार. कायुगा सरोवराच्या बाजूला, स्टीमबोट लँडिंगवर लाकडी मंडपाखाली उन्हाळ्यात शनिवार-रविवारी भरतो. विक्रेते ३० मैलांच्या आतलेच असावेत असा नियम आहे. भाज्या, ब्रेड, चीज तर असतंच, पण शिजवलेल्या अन्नाचे स्टॉलही असतात, तेही वेगवेगळ्या देशांचे. पोरगा मांस खाईल, आई भात-भाजी खातील, आणि सगळे एकाच धक्क्यावर पाय सोडून बसाल. सकाळी लवकर जा. अकरानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

तुम्ही स्वतः चिकन खात असाल तर ‘कॉर्नेल चिकन’ चुकवू नका. रॉबर्ट बेकर या इथल्या प्राध्यापकांची ही कृती: सायडर व्हिनेगर, तेल, मीठ, मसाला आणि अंडं घुसळून केलेलं पाणी कोळशावर भाजताना कोंबडीवर मारत राहायचं. १९५० च्या सुमारास विद्यापीठाने ती पत्रक काढून वाटली. आता त्या भागात अग्निशमन दलवाले निधी गोळा करायला रस्त्याकडेला हेच भाजतात. ‘चिकन बार्बेक्यू’ची हाताने रंगवलेली पाटी दिसली की गाडी थांबवा.

एक दिवस गाडी घेऊन रस्ता क्रमांक ८९ ने सरोवराच्या पश्चिम काठाने वर जा. वाटेत टॉगॅनॉक धबधबा लागतो, २१५ फूट, नायगारापेक्षा उंच. बाजारातून बांधून आणलेलं तिथल्या पार्कात खा. पुढे द्राक्षबागा. सरोवर खूप खोल असल्याने काठाची थंडी बोथट होते, म्हणून इतक्या उत्तरेला द्राक्षं टिकतात. तिथली रीजलिंग ही पांढरी वाइन चाखून बघा, पण जो गाडी चालवणार त्याने नुसता वास घ्यावा.

पैशाचं थोडक्यात: मेन्यूवरच्या किमतीवर ८ टक्के कर आणि बसून जेवलात तर १८ ते २० टक्के टिप धरा. मोठ्या गटाच्या बिलात टिप आधीच घातलेली असते, बिल नीट वाचा, नाहीतर दोनदा द्याल. मीही दिली आहे. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर रात्री नऊच्या सुमारास आवरतं, आपल्या वेळेने साडेनऊला जेवायला निघालात तर पुन्हा पिझ्झाच.

आणि कॉमन्सवर जेवून आईंना कॅम्पसकडे चालत नेऊ नका. बफेलो स्ट्रीटचा चढ पोट रिकामं असतानाही दमवतो. टीकॅट या स्थानिक सेवेची बस वर जाते, ती पकडा.