‘निघतो’ म्हटलं म्हणजे निघालो असं नाही

या वेळच्या पत्रांत योगायोगाने सगळे कुठून ना कुठून निघालेलेच आहेत, म्हणून एकत्रच घेतोय.

घरातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हटलं की आजी चिडते, ‘येतो’ म्हण म्हणते. यात लॉजिक काय? (वाचक, सांगली)

लॉजिक कसलं हो, ‘गेले’ हा शब्द आपण माणूस वारल्यावर वापरतो, मग उंबऱ्यावर उभं राहून तोच स्वतःला कोण लावून घेणार. ‘कुठे चाललास’ म्हणून हटकायचं नाही, परीक्षेला निघालेल्याच्या हातावर दही ठेवायचं, सगळं त्याच खात्यातलं. आजीचं ऐका, फुकट आहे. बाकी आपल्याकडे ‘येतो’ म्हणून लगेच जातं कोण? आमची मावशी पाचला ‘चला, निघते’ म्हणते, चप्पल पायात, पिशवी खांद्याला, एक हात दाराच्या कडीवर, आणि मग खरे विषय निघतात, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा गुडघा बदलला. साडेसहापर्यंत लिफ्ट दोनदा येऊन रिकामी परत गेलेली असते.

बोर्डिंग पासवर सुटायची वेळ ७.१० होती, मी ६.५५ ला गेटवर हजर, विमान समोर दिसतंय तरी आत सोडलं नाही. ही दादागिरी नाही का? (वाचक, नागपूर)

वाईट वाटलं वाचून, पण चूक तुमचीच. ७.१० ही विमान जागेवरून हलायची वेळ, तुम्ही आत शिरायची नाही. देशातल्या फ्लाइटचं गेट साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधीच बंद होतं, ती वेळ पासवरच बारीक अक्षरात छापलेली असते आणि आपण सगळे ठळक अक्षरातली वाचतो. गेट बंद झाल्यावर माणसं मोजायची, वजनाचा हिशोब पायलटकडे जायचा, शिवाय एखाद्याने बॅग चेक-इन केली आणि स्वतः आलाच नाही तर ती बॅग पोटातून हुडकून खाली काढायची. एसटीसारखं मागे धावून, दार थोपटून चढायची सोय नाही तिथे.

ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायला इतकी वर्षं का लावली? मतदान झालं, विषय संपला ना? (वाचक, ठाणे)

मावशी आठवते का वरची? तेच झालं. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के लोक म्हणाले निघूया. पण निघायचं तर लिस्बन कराराच्या कलम ५० खाली आधी तसं पत्र द्यायचं, ते दिलं २९ मार्च २०१७ ला, तिथून दोन वर्षांची मुदत, आणि त्या दोन वर्षांत पैसे किती द्यायचे, एकमेकांच्या देशात राहणाऱ्या लोकांचं काय, आयर्लंडच्या सीमेवर तपासणी कुठे करायची यावर नुसती झकाझकी. मुदत तीनदा वाढली, दोन पंतप्रधान घरी गेले, शेवटी ३१ जानेवारी २०२० ला रात्री ११ वाजता बाहेर. म्हणजे नावाला, नियम वर्षअखेरपर्यंत जुनेच. आधी कोणी निघालं नव्हतं असंही नाही, ग्रीनलँडने १९८२ ला मतदान केलं आणि १९८५ ला त्या वेळच्या युरोपियन कम्युनिटीतून बाहेर पडलं, भांडण मुख्यतः माशांवरून. एवढीशी वस्ती, एक मासळीचा विषय, तरी तीन वर्षं गेली.

शेवटचे इंग्रज सैनिक गेटवे ऑफ इंडियातून गेले हे खरं की गाइड थापा मारतात? (वाचक, डोंबिवली)

खरं आहे. पण तारीख १५ ऑगस्टची नाही, तिथे बरेच गाइड घसरतात. सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन गेली २८ फेब्रुवारी १९४८ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सहा महिने उलटून गेल्यावर. आपल्या सैन्याने त्यांना गेटवेचीच चांदीची प्रतिकृती भेट दिली, मग ते कमानीखालून चालत गेले आणि बोटीत बसले. गेटवे कशासाठी बांधला हे वरच कोरलंय, २ डिसेंबर १९११ ला राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले त्याची आठवण म्हणून. फक्त ते उतरले तेव्हा ही कमान नव्हतीच, पायाचा दगड बसला १९१३ ला आणि काम पुरं व्हायला १९२४ उजाडलं, त्यामुळे गाइड ‘राजा याच कमानीतून आला’ म्हणाला तर ती मात्र शुद्ध थाप.