एलडीएच वाढलं म्हणजे पायरोप्टोसिस झालं का?

तुम्ही उंदराच्या रॉ २६४.७ मॅक्रोफेज पेशींना एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक) आणि एटीपी दिलंत, माध्यमात एलडीएच हे पेशीतलं विकर वाढलं, अ‍ॅनेक्सिन आणि पीआय (मरणाऱ्या पेशी ओळखायच्या दोन खुणा) दोन्ही पॉझिटिव्ह आले. याला पायरोप्टोसिस (गॅसडर्मिन-डी या प्रथिनानं पटलाला छिद्रं पाडून येणारं, दाह पसरवणारं पेशीमरण) म्हणावं का आणि किट कोणतं घ्यावं, असं विचारलंय.

म्हणू नये. किट बदलूनही काही होणार नाही, कारण घोळ पेशींपासूनच आहे. रॉ २६४.७ मध्ये एएससी हे दुवा साधणारं प्रथिनच नसतं, मग एनएलआरपी३ हे धोका ओळखणारं प्रथिन कॅस्पेस-१ या कापणाऱ्या विकराला ओढणार कशानं? एटीपीनं त्या मरतात, पण ते मरण इन्फ्लमासोमचं (या तिघांच्या जुळणीचं) नव्हे. पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेकडून मिळतात, भराभर वाढतात, म्हणून सगळे त्याच वापरतात. हे कारण मला कधीच पटलेलं नाही.

टीएचपी-१ या मानवी पेशी घ्या. ५० नॅनोमोलर पीएमए (त्यांना मॅक्रोफेज बनवणारं रसायन) २४ तास, मग एक दिवस पीएमएविना. एलपीएस १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ४ तास. नंतर १० मायक्रोमोलर नायजेरिसिन (एनएलआरपी३ ला जागं करणारं), १ तास. हा शेवटचा टप्पा सीरमविना करा. सीरममध्ये स्वतःचंच एलडीएच असतं आणि कंट्रोल चढून बसतो. एटीपीच वापरायचं असेल तर ५ मिलिमोलर, पण द्रावणाचा पीएच आधी ७.४ करून घ्या. तसंच ओतलं तर आम्लानं मेलेल्या पेशी मोजत बसाल.

आता एलडीएच. परीक्षकांशी माझा जुना वाद आहे तो यावरच. गॅसडर्मिन-डीच्या छिद्रातून १७ किलोडाल्टनचं आयएल-१ बीटा हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन सुटतं; सुमारे १४० किलोडाल्टनचं एलडीएच त्यातून येत नाही. ते पटल फाटल्यावर येतं, आणि फाटण्यासाठी निन्ज१ हे प्रथिन लागतं, हे २०२१ मध्ये समजलं. पेशीमरणाच्या दुसऱ्या प्रकारांत, म्हणजे नेक्रोप्टोसिसमध्ये किंवा अपॉप्टोसिसच्या उशिराच्या टप्प्यातही, पटल फाटतंच. ५ मिलिमोलर ग्लायसीन घालून पाहा: एलडीएच खाली येईल, आयएल-१ बीटा येत राहील. अ‍ॅनेक्सिन-पीआयचंही तेच. छिद्रातून दोन्ही आत शिरतात, त्यामुळे त्या आलेखावरून मरणाचा प्रकार ठरत नाही.

पुरावा हवा तो वेस्टर्नवर (प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत दाखवणारी चाचणी): ५३ किलोडाल्टनचं गॅसडर्मिन-डी तुटून ३१ च्या आसपास पट्टा. लायसेटबरोबर (फोडलेल्या पेशींच्या अर्काबरोबर) माध्यमही मिथेनॉल-क्लोरोफॉर्मनं अवक्षेपित करून लावा. पेशी फुटल्यावर तुकडा बाहेर गेलेला असतो आणि लोक 'पट्टा आला नाही' म्हणून प्रयोग सोडून देतात. ४३ ला पट्टा दिसला तर तो कॅस्पेस-३ चा घाव, म्हणजे अपॉप्टोसिस. नायजेरिसिनच्या अर्धा तास आधी १० मायक्रोमोलर एमसीसी९५० (एनएलआरपी३ ला रोखणारं) दिलेला एक वेल हवाच.

मात्र एलपीएस थेट पेशीद्रवात पोचवलं असेल तर एमसीसी९५० वर विसंबू नका. तिथे कॅस्पेस-४, उंदरात कॅस्पेस-११, गॅसडर्मिन-डी स्वतःच कापतं. आयएल-१ बीटा घटेल, पेशी तरीही मरतील.