एकाच भूमिकेसाठी झगडणारे दोन बॅले नर्तक एकमेकांच्या प्रेमात पडतील, हे पटण्यासारखं आहे का?

पटण्यासारखं आहे. घडूनही गेलंय. पण तुमच्या कथेचा जो सांगाडा तुम्ही प्रश्नात दिलाय, दोन पुरुष, एक प्रमुख भूमिका, आधी कट्टर वैर आणि मग एका रात्रीत प्रेम, त्यातलं 'एका रात्रीत' तेवढं मला खटकलं. कथा अजून लिहून व्हायची आहे म्हणता, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी बॅले शिकलेलो नाही. सोलापुरात शिकवणार कोण? मी नऊ वर्षं कथक केलं आणि बॅले मोबाइलवर बघून बघून डोळ्यांचा नंबर वाढवून घेतला.

खरी जोडी हवी असेल तर एरिक ब्रुन आणि रुडॉल्फ नुरेयेव. ब्रुन डेन्मार्कचा, जन्म १९२८. नुरेयेव सोव्हिएत रशियातला, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि लेनिनग्राडच्या बॅलेशाळेत दाखल झाला तेव्हा सतरा वर्षांचा. बॅलेच्या हिशेबात हे म्हणजे मिसरूड फुटल्यावर बाराखडी गिरवायला बसणं. १९६१ च्या जूनमध्ये पॅरिसच्या विमानतळावर त्यानं मायदेशी परतायला नकार दिला, आणि त्याच वर्षी तो कोपनहेगनला जाऊन पोचला. तिथं ब्रुन होता. दोघं रोज एकाच खोलीत, सरावाच्या एकाच दांडीला हात लावून सराव करायचे.

आता हे नीट बघा. ब्रुन ज्या डॅनिश शैलीत वाढला ती ऑग्युस्त बूर्नोव्हिल या जुन्या नृत्यरचनाकाराची. हात खाली, शांत. पाय मात्र हवेत एकमेकांवर भराभर आपटून जमिनीवर आवाज न करता येतात, आणि चेहऱ्यावर असं की काही झालंच नाही. कष्ट दिसले की संपलं. नुरेयेवचं उलटं. त्याच्या उडीत तो उडी मारतोय हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळायचं. तो ब्रुनकडे गेला तो आपल्यात काय कमी आहे हे ठाऊक असल्यामुळे, आणि ब्रुननं ते त्याला दिलं. १९६२ च्या जानेवारीत ब्रुन जखमी झाला आणि अमेरिकन टीव्हीवर त्याच्या जागी नुरेयेव नाचला. तेही काय, तर बूर्नोव्हिलची रचना! शिकवलेलं परत येऊन आपल्याच पाटावर बसलं. पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये नुरेयेव तिथल्या रॉयल बॅलेची नायिका मार्गो फॉन्टेन हिच्याबरोबर उभा राहिला आणि त्यानंतर बराच काळ लोकांना दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला फुरसतच उरली नाही. ब्रुनही त्या वर्षी तिथंच पाहुणा कलाकार होता. कसं वाटलं असेल, तुम्हीच लिहा. कथा तीच आहे.

नातं तुटत, जुळत राहिलं. १९६७ ला ब्रुन स्टॉकहोमच्या बॅलेचा प्रमुख झाला. तो १९८६ मध्ये टोरांटोत वारला, नुरेयेव १९९३ मध्ये. नुरेयेवला गालिचे जमवायचा नाद होता, म्हणून पॅरिसजवळच्या त्याच्या कबरीवर गालिचा पांघरलाय, तोही मोझेकचा, घड्या आणि झालरीसकट. सोलापूरच्या माणसाला फोटो बघून पहिला प्रश्न पडतो तो वीण कुठली हा. असो.

कथेसाठी एक व्यवहाराची गोष्ट. मोठ्या बॅले कंपनीत एक भूमिका बहुधा एकालाच मिळत नाही. कलाकारांचे दोन-तीन संच असतात. पहिल्या रात्रीचा मान एकाचा, पुढचे प्रयोग दुसऱ्याचे, आणि कोण कधी हे फलकावर यादी लागली की कळतं. तालमीला दोघं एकाच खोलीत. एक पूर्ण ताकदीनं नाचतो, दुसरा मागं उभा राहून हातवाऱ्यांवर तीच पावलं मोजतो. शिवाय अभिजात बॅलेतलं युगुलनृत्य पुरुष आणि स्त्रीचं. म्हणजे तुमचे दोन नायक रंगमंचावर एकमेकांना क्वचितच हात लावतील. त्यांना मिळणार ते फक्त बघणं. तासन् तास, आरशातून, दुसऱ्याच्या टाचा बघणं. माझ्या मते प्रेम त्या बघण्यातच असतं, द्वेष संपायची वाट बघत नाही.

हे मी कशावरून म्हणतो, तर माझ्यावरून.

आमचा क्लास साखर पेठेकडं, खाली यंत्रमाग आणि वर आम्ही. मागांची खटखट इतकी की तबला ऐकू यायचा नाही, पायांनाच समजून घ्यावं लागायचं. क्लासमध्ये मुलगे दोनच. मी, आणि तो. तो तेलुगू बोलणाऱ्या घरातला, मराठी माझ्याहून शुद्ध, चिडला की मात्र अस्सल सोलापुरी. चहाच्या टपरीवर दोघांनाही 'नाच्या' ऐकायला मिळायचं, तेवढी एकच गोष्ट आमच्यात सामाईक. कॉलेजं वेगळी. २०१० च्या विद्यापीठ युवा महोत्सवात शास्त्रीय नृत्यात दोघंही उभे राहणार होतो आणि पुढं राज्यस्तरावर 'इंद्रधनुष्य'ला जाणार होता एकच.

त्याची एक चूक मला माहीत होती. कथकात चक्रदार म्हणजे तोच तुकडा तीनदा नाचायचा ना, त्यातल्या शेवटच्या खेपेला चकरा घेताना तो मान कणभर आधी सोडायचा आणि डावीकडं सरकायचा. आमच्याकडं शहाबादी फरशी होती. ज्या फरशीवर सुरुवात, त्याच्या शेजारच्या फरशीवर सम. समेवर तो बरोबर यायचा, म्हणून मॅडमच्या ध्यानात यायचं नाही. मी फरश्या मोजायचो. वर्षभर मोजल्या आणि कुणाला सांगितलं नाही. यालाच तुम्ही वैर म्हणाल. पण वर्षभर मी दुसऱ्या कशाकडंच बघत नव्हतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

महोत्सवाच्या दोन दिवस आधी आम्ही दोघं कंबर तलावाच्या कट्ट्यावर शेंगा खात बसलो होतो. सांगू की नको, सांगू की नको. शेवटी टरफलं झटकत म्हणालो, "तू डावीकडं जातोस. शेवटच्या चक्रदारात. एक फरशी."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "कधीपासून माहितीय बे तुला?"

"गेल्या दिवाळीपासून."

"आणि आज सांगतोयस?"

मला वाटलं उठून जाईल. तो म्हणाला, "तुझा उजवा पाय हलका पडतो. लोडशेडिंगला माग बंद पडले की ऐकू येतं." म्हणजे तोही वर्षभर ऐकत बसला होता.

मी तुम्हाला कुठल्याही कबुलीचा याहून चांगला प्रसंग देऊ शकत नाही. पुढचं थोडक्यात. त्याचा पहिला नंबर आला, माझा दुसरा. त्या दिवशी तो बोटभरही सरकला नाही. टाळ्या वाजवताना माझ्या पोटात जे झालं ते आनंद होता की जळफळाट, हे मला अजून वेगळं काढता येत नाही. तुमच्या नायकालाही काढता येऊ देऊ नका. दुसऱ्याला भूमिका मिळाल्यावर 'मी त्याच्यासाठी खूश आहे' असं वाक्य त्याच्या तोंडी घातलंत तर मी कथा तिथंच मिटेन.

घरच्यांचा, कायद्याचा भाग मुद्दाम गाळलाय. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ आमच्या काळात २००९ ला सुटलं, २०१३ ला परत अडकलं, २०१८ ला परत सुटलं. आम्ही तोवर सुटे पैसे मोजून गाडीची तिकिटं काढत होतो. तो हैदराबादला शिकवतो, मी इथं चादरीच्या दुकानात हिशेब बघतो आणि रविवारी पोरांना ततकार, म्हणजे पायांचा मूळ ठेका, घालायला लावतो.

गेल्या आठवड्यात त्यानं तालमीचा व्हिडिओ पाठवला. गुळगुळीत लाकडी जमीन, फरशी नाही, मोजायची सोय नाही. तरी मी उत्तर पाठवलं : डावीकडं.

लगेच उलट आलं : गप बे, तू आधी उजवा पाय आपट.